बांधावरचे बादशहा

११ नोव्हेंबर १४४४ या दिवशी बुलढाणा जिल्ह्यात काय घडलं, हे कुठल्याही गॅझेटिअरात सापडायचं नाही. तुरीला फूल आलेलं असेल, रब्बीची ज्वारी वीतभर झाली असेल, राजूर घाटाच्या माथ्यावर सकाळची थंडी बोचायला लागली असेल, बस. पण जगभरातल्या लाखो पोरांना ही तारीख तोंडपाठ आहे. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ नावाचा संगणकावर खेळायचा एक डाव आहे, तो या दिवशी सुरू होतो. आदल्या दिवशी काळ्या समुद्राकाठच्या वार्ना इथे पोलंड-हंगेरीचा वीस वर्षांचा राजा तुर्कांशी लढताना पडला होता. तो मुहूर्त धरून स्टॉकहोमच्या एका कंपनीने २०१३ साली अख्ख्या जगाचा नकाशा मांडून ठेवला. आपण त्यातलं एखादं राज्य उचलायचं आणि १८२१ पर्यंत शेजाऱ्यांना सुखाने जगू द्यायचं नाही, असा हा खेळ.

माझा भाचा या खेळात मुरलेला आहे. इंजिनीअरिंगच्या सुट्ट्यांत तो आमच्याकडे बुलढाण्याला मुक्काम ठोकतो, कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे मलकापूरच्या उन्हात माणूसच काय, लॅपटॉपही तग धरत नाही. मी घाटावरचा, तो घाटाखालचा. बाहेरच्यांसाठी सांगतो, अजिंठ्याच्या डोंगररांगेने आमच्या जिल्ह्याचे दोन मजले केलेले आहेत. वरच्या मजल्यावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. खालच्यावर मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद. पाण्यापासून तिकीटवाटपापर्यंत कुठलाही वाद दोन पायऱ्या उतरला की ‘घाटावरचा की घाटाखालचा’ इथेच येऊन टेकतो. त्यामुळे भाच्याने खेळायला खानदेशची फारुकी सुलतानी निवडली, याचं मला नवल वाटलं नाही. बुऱ्हाणपूर त्याला जवळचं. आणि वऱ्हाड घेतल्याशिवाय पुढचं काही जमत नाही, असं त्याचं ठाम मत.

“म्हणजे आधी आम्हालाच मारणार?” मी विचारलं.

“मारत नाही मामा. जोडून घेऊन राह्यलो फक्त.”

चाल चांगली होती, पण शिळी होती. खानदेशाने वऱ्हाड जोडून घ्यायचा उद्योग डाव सुरू व्हायच्या सात वर्षं आधीच, १४३७ साली, करून पाहिलेला आहे. त्याचं कारणही भाच्याच्या पडद्यावर एका कोपऱ्यात, अंगठीच्या चित्राचं एक बटण होऊन बसलेलं असतं. राजघराण्यांची सोयरीक. बटण दाबलं की दोन राज्यांचे संबंध सुधारतात. पत्रिका नाही, मानपान नाही, रुखवत नाही, रुसलेल्या मामांची समजूत नाही. सोयरीक असलेल्या राज्यावर चालून गेलात तर तुमच्या राज्याचं स्थैर्य घसरतं, एवढाच काय तो दंड.

फारुकी सुलतान नासिरखानाने आपली मुलगी बीदरच्या बहमनी अलाउद्दीन अहमदाला दिली होती. पुढे कोकणच्या स्वारीत संगमेश्वरच्या राजाची मुलगी बहमनी जनानखान्यात आली आणि सुलतानाचं सगळं लक्ष तिकडे लागलं. पहिलीने माहेरी कळवलं. आता असा निरोप आला की आपल्याकडे बाप फार तर चार माणसं घेऊन बैठकीला जातो. नासिरखान फौज घेऊन निघाला. मध्ये वऱ्हाड लागतं. तिथले काही सरदार त्याला आतून मिळालेले होतेच. वऱ्हाडचा सुभेदार नरनाळ्याच्या किल्ल्यात दडून बसला. मग बहमनींचा मलिक-उत-तुज्जार खलफ हसन परदेशी धनुर्धारी घेऊन आला आणि त्याने घाटाच्या पायथ्याशी, आजच्या मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला, नासिरखानाचा पुरता धुव्वा उडवला. बुऱ्हाणपूरही त्याच्या हाती टिकलं नाही. लळिंगच्या किल्ल्यापर्यंत मागे हटून तो त्याच वर्षी वारला. लेकीच्या संसारात पुढे काय झालं, याची चौकशी इतिहासकारांनी फारशी केलेली दिसत नाही.

रोहिणखेडची हौस एवढ्यावर भागली नाही. दीडशे वर्षांनी, १५९०-९१ च्या सुमाराला, त्याच गावाजवळ अहमदनगरच्या गादीसाठी पुन्हा लढाई झाली. गादीवर पोरगा इस्माईल, कारभार जमालखानाच्या हातात, आणि चालून येणारा इस्माईलचा सख्खा बाप बुऱ्हाण. बापाच्या मदतीला पुन्हा खानदेशच. जमालखान पडला, पोरगा उतरला, बाप बसला. वारसा बापाकडून मुलाकडे जातो असं आपण धरून चालतो. रोहिणखेडला तो उलटा वाहिला. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मामा, खेळात असं होतच नाही.” मला वाटतं, स्टॉकहोमच्या मंडळींना भाऊबंदकीचा पुरेसा अनुभव नसावा.

तो आमच्याकडे विपुल आहे. शेजारच्या प्रांतावर हक्क सांगायला खेळात आधी हेर पेरावे लागतात, त्यांनी महिनोन्‌महिने खपून एक खोटा दावा तयार करावा लागतो, मग त्या दाव्याच्या जोरावर युद्ध पुकारता येतं. एवढे सोपस्कार आमच्याकडे कोण करतो? आमच्याकडचा राज्यविस्तार नांगराच्या तासाने होतो. दरवर्षी पेरणीच्या आधी बांध एक तास आत सरकतो. शेजाऱ्याच्या लक्षात येईपर्यंत बांधावरची बोरीबाभळी आपल्या बाजूला आलेली असते. मग मोजणी येते, खुणा रोवल्या जातात, खुणा रात्रीतून चालू लागतात. मग दोन्ही बाजू तारखांना एकाच एसटीने जातात, आणि शिष्टाचार असा की एकमेकांशी बोलत नसले तरी जागा धरून ठेवतात. तिसरी पिढी लग्नात एकमेकांना फेटे बांधते आणि बांध जिथे पोचलेला असतो तिथेच राहतो. भाच्याला प्रांत जिंकायला चार वर्षांचं युद्ध लागतं. आमच्या गावातला एक गृहस्थ (नाव सांगत नाही, त्यांचे नातू हे वाचतील) आयुष्यात एकदाही आवाज न चढवता बारा गुंठे पुढे सरकला.

सोयरिकीचा विषय निघाला की सिंदखेड राजाकडे पाठ करून चालत नाही. १२ जानेवारीला तिथे जिजाऊंच्या जन्मस्थानी महाराष्ट्रभरातून लोक लोटतात, पण मी रंगमहालाकडे जरा जास्त रेंगाळतो. बखरीतली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. रंगपंचमीचा दिवस, लखुजी जाधवरावांच्या वाड्यात सरदार जमलेले, लहानगे जिजाऊ आणि शहाजी एकमेकांवर रंग उडवताहेत. लखुजी सहज बोलून गेले की जोडा बरा दिसतो. मालोजी भोसले ताडकन उठले आणि भर सभेत म्हणाले, ऐकलंत ना सगळ्यांनी, आजपासून आपण व्याही! बखरकारांवर किती विश्वास टाकायचा ते आपापलं ठरवावं. मला मात्र मुत्सद्देगिरीचा याहून चांगला पाठ माहीत नाही. समोरच्याच्या थट्टेला साक्षीदार मिळाले की तिचा करार होतो. लखुजींच्या घरच्यांनी विरोध केला, मालोजींची पायरी लहान असल्याचं सुनावलं गेलं. मालोजींनी निजामशाहीत मान वाढवून घेतला आणि लग्न लावलंच. भाच्याच्या खेळात सोयरिकीला समोरच्याने नकार दिला तर भेटवस्तू पाठवायच्या, संबंधांचा आकडा वर चढवायचा आणि पुन्हा विचारायचं. थट्टेत सापडायची सोय नाही.

हत्तीचीही नाही. निजामशाहीच्या दरबारातून सगळे सरदार निघाले होते, तेवढ्यात खंडागळ्यांचा हत्ती बिथरला. दत्ताजी जाधव हत्तीवर धावून गेले, भोसल्यांची पोरं हत्तीच्या बाजूने आडवी आली, आणि बघता बघता जाधव-भोसले एकमेकांवर तुटून पडले. लखुजींचा मुलगा दत्ताजी गेला, शहाजींचे चुलतभाऊ संभाजी गेले, खुद्द शहाजींना सासऱ्याच्या हातून जखम झाली. लखुजी पुढे मोगलांकडे गेले. १६२४ साली भातवडीला मलिक अंबरने मोगल-आदिलशाही फौजेला धूळ चारली, तेव्हा जावई निजामशाहीकडून लढत होते आणि सासरे समोरच्या बाजूला होते. नंतर लखुजी परत निजामशाहीत आले आणि १६२९ साली देवगिरीच्या दरबारात मुजऱ्याला गेले असताना मुलांनातवासह मारले गेले. त्यांची भली मोठी समाधी सिंदखेड राजात आहे. तिच्या सावलीत उभं राहिलं की ‘पक्ष बदलला’ हे दोन शब्द तोंडातून जरा जपून निघतात. माझ्या तरुणपणी सायबर कॅफेत ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळणारी पोरं असायची. त्यात एक पुजारी ‘वोलोलो’ असं काहीसं पुटपुटायचा की शत्रूचा शिपाई कपड्यांचा रंग बदलून आपल्याकडे यायचा. जाधवरावांना मोगलांकडे जाताना मनसब मिळाली आणि परत येताना माफीचं आश्वासन मिळालं. ‘वोलोलो’ला निदान परतीचा हिशेब द्यावा लागत नव्हता.

आता साखरखेर्डा. इथे मी थोडा वेळ घेणार आहे, कारण हैदराबादचं राज्य जिथे जन्माला आलं ती जागा आमच्या सिंदखेड राजा तालुक्यात आहे आणि याचं श्रेय आम्ही कधी मागितलेलं नाही.

निजाम-उल-मुल्क दिल्लीत वजीर होता. दरबाराला कंटाळून शिकारीचं निमित्त करून निघाला तो दक्षिणेच्या वाटेला लागला. बादशहा मुहम्मदशहाने वरवर त्याला लोणी लावलं आणि आतून दख्खनच्या मुबारिझखानाला कळवलं, याला संपव, दख्खन तुला. हे निजामाला कळलं, कारण दिल्लीत गुपित नावाची वस्तू तेव्हाही मिळत नव्हती. मग निजामाने जुने वैरी असलेल्या मराठ्यांकडे हात पुढे केला. बाजीराव, वय वर्षं चोवीस, त्याच्या बाजूने उतरला. ऑक्टोबर १७२४ मध्ये साखरखेर्ड्याला गाठ पडली. ऑक्टोबर म्हणजे खरिपाच्या ज्वारीची कणसं भरत आलेली असतात आणि राखणीला माळ्यावर माणूस बसलेला असतो. त्या माळ्यावरच्या माणसाला कुठून तोफांचा आवाज आला असेल आणि त्याने आधी गोफण घेतली असेल की लेकरं, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. लढाईत मुबारिझखान पडला. निजामाने मुंडकं दिल्लीला पाठवलं आणि सोबत बादशहाचं अभिनंदन केलं की हुजुरांच्या बंडखोराचा बंदोबस्त झाला! बादशहानेही, ज्याला आपणच मारायला माणूस नेमला होता, त्याला १७२५ साली ‘आसफजाह’ ही पदवी दिली. भाच्याच्या खेळात शेजाऱ्याला ‘अपमान पाठवा’ असं एक बटण आहे. अपमान अभिनंदनाच्या कागदात गुंडाळून पाठवायचं बटण अजून निघालेलं नाही.

निजामाने विजयाची आठवण म्हणून गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवलं. गावाने ते मान डोलावून ऐकून घेतलं असणार. आजही एसटीच्या पाटीवर साखरखेर्डाच आहे.

खेळात तह झाला की काही वर्षं पुन्हा लढाई करता येत नाही, पाच ते पंधरा, तहात किती लुबाडलं त्यावर. बाजीराव आणि निजाम यांची मैत्री चार वर्षंही टिकली नाही. फेब्रुवारी १७२८ मध्ये बाजीरावाने निजामाला पालखेडला असं कोंडलं की त्याला पाण्याचे वांधे झाले, आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह झाला. त्या तहात चौथ-सरदेशमुखीचा जो हक्क ठरला तो कोणाच्या कणगीतून जाणार होता, हे वऱ्हाडला निराळं सांगायची गरज नव्हती. एक निजामाचा अंमलदार आणि एक मराठ्यांचा कमाविसदार, असे दोघे एकाच खळ्यावर येऊन बसू लागले. दुहेरी अंमल असं त्याचं पुस्तकी नाव.

मग इंग्रज आले. त्यांच्याकडे फार मजा नाही, सगळा हिशेब. निजामाने पदरी बाळगलेल्या फौजेच्या पगाराची थकबाकी चढली म्हणून १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं; १९०२ साली कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर ते कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलं. १९३६ पासून निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली, ज्यात प्रिन्स होता आणि बेरार भाड्याने दिलेलं होतं. जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांत शेत मक्त्याने लावून शहरात राहणारा एखादा मालक असतो. त्याला युवराज म्हणायची कल्पना आम्हाला सुचली नाही, एवढंच.

या सगळ्या खेळांत आपल्याला नेहमी राजाच व्हावं लागतं, ही माझी मुख्य तक्रार आहे. २००९ च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये मराठे होता येतं, ‘सिव्हिलायझेशन’मध्ये तर गांधीजी होता येतं, आणि ते अण्वस्त्रांच्या धमक्या देतात म्हणून त्यांची जगभर चेष्टाही झाली. (आकड्यांच्या चुकीमुळे पहिल्या आवृत्तीत ते असे वागायचे, ही दंतकथा आहे असं खेळाचे कर्ते सिड मायर यांनी २०२० साली आपल्या आठवणींत सांगून टाकलं, कुणी मनावर घेतलं नाही.) पण कुठल्याही खेळात रोहिणखेडचा कुणबी होता येत नाही. भाच्याने एकदा वऱ्हाडवर बोट ठेवून मला तिथली माहिती दाखवली. धर्म, संस्कृती, किल्ला, कर, आणि पिकाचं एक चिन्ह. एकच. कापूस दाखवला तर ज्वारी गेली, ज्वारी दाखवली तर तूर गेली. ऐन-इ-अकबरीतसुद्धा याहून बारकाई आहे. लोणारच्या परिसरात काच आणि साबण करायचं सामान मिळतं आणि त्याचं उत्पन्न येतं, हे अबुल फजलने टिपलेलं आहे. भाच्याच्या पडद्यावरच्या माहितीत खाली एक टक्केवारी होती. तीन फौजा आळीपाळीने गेल्या की ती वाढते, शांतता राहिली की हळूहळू उतरते.

“हे काय?”

“उजाडपणा आहे मामा. सत्तावीस टक्के. जाते आपोआप.”

“किती दिवसांत?”

“पाहा आता,” म्हणून त्याने वेळेचा वेग वाढवला आणि डोळ्यांदेखत वर्षं पळाली. खेळात दुसऱ्याच्या मुलखातून फौज न्यायची तर रीतसर वाट मागावी लागते, ही गोष्ट मात्र मला आवडली. आमच्या मुलखातून पाचशे वर्षं कोण कोण गेलं, वाट कुणी मागितल्याचं ऐकिवात नाही.

वाट देणाऱ्यांचा स्वतःचा एक डाव आहे, आणि तो भाच्याच्याच बाजूला, घाटाखाली, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला मांडला जातो. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या शेतात घट मांडतात. गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, सरकी, अशी अठरा धान्यं गोलात ठेवतात. मधे खड्डा, त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पापड, कुरडई, करंजी, पुरी. जवळ विडा-सुपारी. रात्री तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे दाणे कुठे सरकले, ढेकूळ किती भिजलं, हे पाहून वर्षाचं भाकीत सांगतात. साडेतीनशे वर्षांची परंपरा आहे म्हणतात. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी त्यावर घेतलेले आक्षेप मला पटतात, आणि तरीही अक्षय तृतीया जवळ आली की भेंडवळ काय म्हणते याकडे माझा कान असतोच. त्या मांडणीत विडा म्हणजे राजा. अख्ख्या जगाच्या नकाशावर भाचा ज्याच्यासाठी रात्र रात्र जागतो तो चक्रवर्ती तिथे चुना लावून, सुपारी घालून, घागरीशेजारी ठेवलेला असतो.

भाच्याला मी मुद्दाम घेऊन गेलो. सूर्य उगवायच्या आत शेतात ही गर्दी. जूनचं ढेकूळ, जुलैचं ढेकूळ असं एकेक सांगायला सुरुवात झाली तशी माणसं बोटांवर, वह्यांत, मोबाइलवर टिपून घेऊ लागली. कपाशी सांगितली, तूर सांगितली, हरभऱ्याच्या वेळी मागून कोणी तरी भावाचंही विचारलं. राजाची पाळी आली तोवर निम्मी मंडळी मोटारसायकलींना किक मारत होती. भाचा मात्र टाचा उंचावून उभा.

“राजा कायम,” पुढून आवाज आला.

“कोणता राजा?” त्याने शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं.

“जो असन तो,” बाबा म्हणाले. “थे जाऊ दे. सरकीचं काय म्हणे? मले बराबर आयकू नाही आलं.”